तिघांचा फोटो

१

लग्न असो, मुंज असो, बारसं असो. मी, संतोष आणि वेदिका एका रांगेत उभे राहिलो की कुणीतरी धावत येऊन आमच्यात घुसतं. बहुतेक वेळा माझी नणंद. "तिघांचा फोटो काढू नये गं," म्हणत ती वेदिकाच्या खांद्यावर हात टाकते आणि हसून उभी राहते. लग्नाला इतकी वर्षं झाली, वेदिका आठवीत गेली, तरी फक्त आम्हा तिघांचा असा एकही फोटो आमच्याकडे नाही. प्रत्येकात नणंद आहे. एकात तर मंगल कार्यालयाचा वाढपी आहे, हातात जिलबीचं ताट घेऊन.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गंगापूर रोडला आमची लॅब आहे. रक्ताच्या पेशी मोजायला आता मोठी यंत्रं आली आहेत, पण यंत्राला शंका आली की काचपट्टी माझ्याकडेच येते. त्यामुळे माझ्या नजरेचा आणि माझ्या मोजणीचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. फोटोंचं वेड गेल्या वर्षी लागलं. एक जुना कॅमेरा घेतला आणि आधी गोदेवरचे बगळे काढले, मग सोमेश्वरचा धबधबा, मग गच्चीवरून दिसणारा पांडवलेण्यांचा डोंगर. नाशकातल्या प्रत्येक कॅमेरेवाल्याने या सगळ्याचा चोथा केलेला आहे, हे लवकरच कळलं.

"ज्याचा तुला राग येतो ना, त्याचे फोटो काढ," वेदिका म्हणाली. "चिडलीस की तू छान बोलतेस."

मला राग येत होता नणंदेचा. म्हणून ठरलं, तिघांचे फोटो काढायचे. नाशिक आणि आसपासची तीन माणसांची घरं, आपापल्या सोफ्यावर, पलंगावर, ओट्यावर. आणि तीन तिगाडा काम बिगाडा म्हणणाऱ्यांना दाखवायचं, की बघा, सगळे ठणठणीत आहेत. संतोष म्हणाला, ब्लॉग आता कोण वाचतं, रील कर. वेदिकाने त्याच्याकडे दुर्लक्ष करून एका रविवारी दुपारी ब्लॉग उभा केला, नाव दिलं 'तिघं', आणि कुठला फोटो ठेवायचा, कुठला नाही, यावर माझ्याशी भांडायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर मला ब्लॉगपेक्षा ती भांडणंच जास्त आवडायची. आठवीतली मुलगी आईजवळ बसते, हेच खूप झालं.

२

पहिलं घर दिंडोरीजवळचं. किशोर हा संतोषचा कंपनीतला मित्र, नोकरी सोडून घरच्या द्राक्षबागेत रमलेला. घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई कुसाबाई. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि तो विषय त्या घरात कुणी काढत नसे. मीही काढला नाही.

मी ट्रायपॉड उभा केला, तिघांना ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसवलं, तशा कुसाबाई ताडकन उठल्या. तिघांचा फोटो काढून घ्यायला त्या तयार नव्हत्या. किशोरने समजावलं, मी समजावलं, त्या ऐकेनात. शेवटी त्या आत गेल्या आणि एक सुपारी घेऊन आल्या. झोपाळ्यावर सरकून त्यांनी जागा केली, सुपारी तिथे ठेवली, तिच्यावर चिमूटभर अक्षता टाकल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बसा."

पूजेला बायको नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात, हे मी पाहिलं होतं. माझ्या मामाने अख्खा सत्यनारायण तसा केला होता. फोटोसाठी सुपारी मात्र प्रथमच पाहिली. मला हसू आलं, पण फोटो फार सुंदर आला. मागे द्राक्षाचे घड, पुढे तिघं आणि कुसाबाईंच्या शेजारी ती रिकामी जागा.

मी आवरेपर्यंत कुसाबाई बागेत मजुरांकडे निघून गेल्या होत्या. किशोरच्या बायकोने झोपाळा झटकला आणि सुपारी माझ्या हातात दिली. पुढच्या घरी कुणी हटून बसलं तर उपयोगी पडेल, असं म्हणाली. मला ते एकदम पटलं. मी सुपारी कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकली.

३

ती उपयोगी पडली. कुणाच्या आजीने, मावशीने कुरकुर केली की मी ऐटीत सुपारी काढायची, सोफ्यावर ठेवायची आणि म्हणायची, झाले चौघं, बसा आता. लोक हसायचे आणि बसायचे. सगळ्यांत आधी मी हे आमच्याच घरी केलं. नणंद आली होती. तिच्या डोळ्यांदेखत सोफ्याच्या डाव्या टोकाला सुपारी ठेवली, टायमर लावला आणि धावत जाऊन बसले. लग्नानंतरचा आमच्या तिघांचा पहिला फोटो. वेदिकाने त्याच संध्याकाळी तो ब्लॉगवर टाकला.

मग देवळाली कॅम्प. तिथल्या बाजारात अब्बासभाईंचं शिवणकामाचं दुकान आहे, फौजी गणवेश शिवतात. दुकानामागेच घर. ते, त्यांची पत्नी जहिदा आणि मुलगी अफरीन. आमच्यात असलं काही मानत नाहीत, असं त्यांनी हसत सांगितलं. तरी मी सवयीने सुपारी काढून पलंगावर ठेवलीच. अब्बासभाईंनी विचारलं, ही खायची का. अफरीनला इतकं हसू आलं, की चार-पाच फोटो हलले.

तो फोटो टाकल्यावर त्याखाली पहिली प्रतिक्रिया आली. कुणी अनोळखी बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "छान चौकोनी कुटुंब."

मी चिडले. ब्लॉगचं नाव 'तिघं', वर शीर्षक 'तिघं', आणि ही बाई म्हणते चौकोनी. लोक बघतच नाहीत, नुसते अंगठे दाखवत सुटतात, असं मी वेदिकाला ऐकवलं. ती हसली नाही. तिने दिंडोरीच्या फोटोखालची प्रतिक्रिया दाखवली. तिथेही कुणीतरी चौघांना नमस्कार सांगितला होता. आणि आमच्या फोटोखाली नणंदेने लिहिलं होतं, "आता कसं घर भरल्यासारखं दिसतंय. मी म्हणतच होते."

नणंदेचं मी मनावर घेतलं नाही. दुसरं मूल होऊ द्या म्हणून ती माझ्या मागे लागलेलीच असायची. हाही टोमणाच असणार.

४

तरी मी फोन लॅबमध्ये नेला आणि आमच्या वत्सलाबाईंना तो दाखवला. त्या माझ्या वरिष्ठ. मोजणीत माझ्याहून कडक. मी काही न सांगता नुसतं विचारलं, की देवळालीच्या या फोटोत माणसं किती.

"चार," त्या म्हणाल्या.

बोट ठेवून दाखवा म्हटलं. त्यांनी बोट ठेवलं. अब्बासभाई, जहिदा, अफरीन. बोट एकेका चेहऱ्यावर एकदाच टेकलं. कुठल्याही चेहऱ्यावर दोनदा टेकलं नाही. मी डोळे फाडून बघत होते. आणि तरीही त्या एक, दोन, तीन, चार असं म्हणाल्या आणि बोट उचललं.

मी म्हटलं, पुन्हा. त्यांनी पुन्हा मोजले. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच त्यांची चेष्टा करते आहे.

मग मी आमचं हाताने दाबायचं काउंटर घेतलं, ज्यावर पेशी मोजतात. एका चेहऱ्याला एक टिचकी. सावकाश, ओठ न हलवता. मला तिघं दिसत होते, शपथेवर सांगते, तिघंच दिसत होते. काउंटरवर चार आकडा आला. काउंटर बिघडलं असेल म्हणून दुसरं घेतलं. मग टेबलावरच्या पेनांवर करून पाहिलं, ती बरोबर मोजली गेली. पुन्हा फोटोवर आले. डोळ्याला तिघं, बोटाला चार.

त्या दिवशी मी एकही स्लाइड स्वतःच्या सहीने पुढे पाठवली नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं खरंच दुखत होतं. चष्म्याचा नंबर, झोप, वय, सगळं मनात येऊन गेलं. पण चष्म्याचा नंबर वाढला तर अक्षरं पुसट होतात, माणूस वाढत नाही.

५

जहिदाला फोटोची प्रत द्यायचं मी कबूल केलं होतं. दुपारी सुट्टी घेऊन गेले. खरं म्हणजे मला त्या घरात एकदा नीट बघायचं होतं.

दार अफरीनने उघडलं. तिच्या मागे एक मुलगा उभा होता, तिच्याहून थोडा लहान, कानाशी पेन्सिल खोचलेली. त्याने मला सलाम केला आणि माझी बॅग घ्यायला हात पुढे केला. मी जहिदाला विचारलं, हा कोण.

"मुझफ्फर," ती म्हणाली. "विसरला काय मॅडम? त्या दिवशी फोटो काढताना किती हसवलं त्याने तुम्हाला. या ना, चाय पिऊन जावा."

हसली होती अफरीन. मला आठवत होतं, ती हसली म्हणून फोटो हलले होते. पण जहिदाने सांगताक्षणी दुसरंही आठवलं. हा मुलगा सुपारी गालात धरल्याचं नाटक करत होता आणि अब्बासभाई त्याला रागावत होते. दोन्ही आठवणी सारख्याच स्पष्ट होत्या. एकीला पुसट म्हणावं तर दुसरीलाही म्हणावं लागलं असतं.

मी पाकिटातून प्रत काढली. पलंगावर चौघं बसलेले होते. मुझफ्फर कडेला होता, बहिणीच्या ओढणीचं टोक त्याने मुठीत धरलं होतं. आता तो डोळ्यालाही दिसत होता.

चहा मी प्यायले. साखर किती विचारलं त्याचं उत्तरही दिलं. त्या घरात कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. अब्बासभाई आत मशीन चालवत होते, आणि मुझफ्फर काजं करायला सुईत दोरा ओवून देत होता. गोंधळलेली फक्त मी होते, आणि माणूस एकटाच गोंधळलेला असला की चूक त्याचीच असते, असं आपल्याला शिकवलेलं आहे. मी बसने परत आले. डोक्यात एकच विचार होता, की सुपारी सगळ्यांत आधी आपल्याच सोफ्यावर ठेवली होती.

६

दार रविराजने उघडलं. "आई, किती उशीर," म्हणाला आणि माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. मी हातपाय धुतले, कुकर लावायला घेतला, चौघांचे तांदूळ काढले. ते धुताना हात थांबला.

या लिखाणाचा पहिला भाग मी ब्लॉगसाठी आधीच लिहिलेला होता. त्यात मी, संतोष आणि वेदिका असं लिहिलं आहे. मी तो पुन्हा वाचला. त्यात रविराजचं नाव नाही. आईने स्वतःच्या मुलाचं नाव लिहायचं विसरावं, असं कसं होईल? आणि माझा मुलगाच नसेल, तर त्याला जन्मल्यावर कावीळ झाली होती, निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवला होता, आणि मी काचेबाहेर उभी राहून रडत होते, हे मला कसं आठवतं? वेदिकाच्या कांजिण्या आठवतात. याची कावीळ आठवते. दोघांचे दुधाचे दात एकाच डबीत आहेत. मी डबी उघडून पाहिली.

संतोषला विचारलं, आपल्याला मुलं किती. तो म्हणाला, सकाळी तरी दोन होती, आणि पेपर वाचायला लागला.

मी आमचा फोटो उघडला. चौघं दिसले. मधे आम्ही दोघं, एका टोकाला वेदिका, दुसऱ्या टोकाला रविराज. सुपारी मी डाव्या टोकाला ठेवली होती, हे पक्कं आठवत होतं. पण डावं कुणाचं? कॅमेऱ्यामागे उभं राहून बघितलं तर डावीकडे रविराज येतो. सोफ्यावर बसलं तर डाव्या हाताला वेदिका. मी सुपारी ठेवताना कुठे तोंड करून उभी होते, हे मी त्या संध्याकाळी दहादा करून पाहिलं. दहाही वेळा मला तसंच केल्यासारखं वाटलं. फोटो ब्लॉगवरून काढून टाकला. आतल्या खोलीत रविराज शीळ वाजवत होता, ती थांबली नाही.

वेदिका स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ती सगळं जाणून होती. प्रतिक्रिया तिनेच तर पहिल्यांदा वाचल्या होत्या.

"आई, मला तो आठवतो," ती हळूच म्हणाली. "लहानपणापासूनचा. पण मला आठवतो तेच मला आवडत नाहीये." मग थोडं थांबून तिने विचारलं, "मी तर आहे ना?"

मी तिला जवळ घेतलं. तू नाहीस तर कोण आहे, असं म्हणाले. म्हणताना माझा आवाज मला बरोबर वाटला नाही. तिच्या केसांना नेहमीचा वास होता, आणि मला वाईट याचं वाटलं, की मी तो तपासून पाहिला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसाबाईंना फोन केला. मागे कुठेतरी लहान मूल किरकिरत होतं आणि किशोरची बायको त्याला गाणं म्हणत होती. मी खाली बसूनच बोलले.

कुसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सुपारी हलवली व्हती का तुम्ही?"

मी म्हटलं, हलवायची म्हणजे काय. पूजा झाल्यावर देवाला हलवतात तसं, त्या म्हणाल्या. अक्षता वाहायच्या, परत या म्हणायचं, आन् जागेवरून हलवायची. बोलावलेल्याला निरोप द्यावा लागतो. त्या दिवशी त्या बागेत गेल्या आणि मागे सुनेने झोपाळा झटकून सुपारी मला देऊन टाकली. निरोप कुणीच दिला नाही. मी ती घरोघर फिरवली, दरवेळी बसा म्हटलं आणि तशीच बॅगेत टाकली.

"आता हलवली तर?" मी विचारलं.

"पाव्हणा जाईल."

"पण पाहुणा कोण ते मला ओळखता येत नाही."

मागचं मूल शांत झालं होतं. "जेवायला वाढताना बघा," त्या म्हणाल्या. "आपल्यात पाव्हण्याला आधी वाढत्यात. हात चुकत नाय. पन लय दिस ऱ्हायला पाव्हना, तर तो घरचा व्हतो. मंग घरातलंच कोनीतरी पाव्हनं व्हतं."

मी काही बोलणार तोच त्यांचा आवाज बदलला. "मी तर म्हनते नका हलवू. सुनंकडं बघवत नव्हतं मला इतकी वर्सं. नात लय गोड हाय आमची. एवढं ऐका माझं."

त्यांनी फोन ठेवला. मला त्यांचा राग आला नाही, त्यांच्या नातीची दयाच आली. पण मला वेदिका हवी होती. बाकी कुणाचं काय होईल याचा विचार करायचं मी बाजूला ठेवलं. कुणी मला स्वार्थी म्हटलं तरी चालेल.

८

संध्याकाळी सुपारी काढली. कुठल्या टोकाला ठेवावी ते ठरेना, म्हणून सोफ्यावर मधोमध ठेवली. अक्षता वाहिल्या. परत या, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण ते म्हटल्यावर आतल्या खोलीतून कोण नाहीसं होणार, हे माहीत नसताना ते तोंडातून निघेनात. तेवढ्यात संतोष कंपनीतून आला आणि भूक लागली म्हणाला. आधी वाढून बघू, मग हलवू, असं मी ठरवलं.

तिघं जेवायला बसले. मी पोळ्या करत होते. पहिली पोळी तव्यावरून उतरवली, तूप लावलं, आणि कुणाकडेही न बघता वळले. हात गेला तो वेदिकाच्या ताटाकडे.

"थँक यू," ती म्हणाली.

आमच्या घरात जेवताना कुणी थँक यू म्हणत नाही. रविराज म्हणाला, आई, भाजीत मीठ नाही. संतोष तिच्या वाटीकडे बघून म्हणाला, "संकोच करू नकोस हं. अजून घे." मी त्याला म्हणाले, असं काय बोलतोस, ती काय परकी आहे. त्याने वर पाहिलं. तो गोंधळला होता. मला तिचं नाव घेऊन त्याला रागवायचं होतं, पण नाव यायला उशीर लागला. तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली आणि मी वळले. मला इतकंच आठवतं, की मनात म्हटलं होतं, पोळी राहू दे, आधी सुपारीला हात लावू नका म्हणून सांग. ते सांगायचं राहिलं.

जेवण झाल्यावर तिने स्वतःचं ताट उचललं. सिंकमध्ये ठेवू का, असं विचारलं. रविराजने त्याचं तिथेच टाकलं होतं, नेहमीप्रमाणे. मुलगी शहाणी वाटली मला. बाहेरच्या खोलीत ती सोफ्यावर बसायला गेली आणि थबकली.

"काकू, ही सुपारी आहे इथे," ती म्हणाली. "टीपॉयवर ठेवू?"

ठेव, म्हटलं. तिने ठेवली.

मग ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. भिंतीकडे, कपाटाकडे, फ्रिजवरच्या चित्रांकडे बघत होती. कुणाच्या घरी गेल्यावर मुलं बघतात तसं. "येते मी," ती म्हणाली. बाहेर नुकतं अंधारायला लागलं होतं. मी करंडा आणून तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कपाळ गरम होतं. मी दारापर्यंत गेले.

"ये हं परत," मी म्हणाले.

ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मागे वळून माझ्याकडे बघत राहिली. मला काहीतरी आठवेल आणि मी हाक मारीन, याची वाट बघत असावी तशी. मी हसले. लाजाळू मुलांकडे बघून आपण हसतो तशी. मग जिन्यातून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला आणि फाटकाशी बंद झाला.

संतोषला विचारलं, कुणाची मुलगी. तो म्हणाला, रविराजच्या वर्गातली असेल. रविराज म्हणाला, मला वाटलं तुमच्या ओळखीची. कुणाची असेना, एवढ्या संध्याकाळी एकटी गेली, तिला सोडायला जायला हवं होतं, असं मला सारखं वाटतं आहे. तिला घर माहीत असेल का? कुणी तिची वाट बघत असेल का?

मी दाराशीच बसले आहे आणि फोनवर हे लिहिते आहे. वर एक नाव बऱ्याच वेळा आलं आहे. मीच लिहिलेलं आहे. वाचलं की रडू येतं, आणि ते का येतं हे मला कुणालाच सांगता यायचं नाही. रविराज आतून ओरडतोय, आई, दार लाव, डास येतात. लावते म्हणाले. दोनदा उठलेही. पण कडीला हात लावला की हात खाली येतो, आणि मी पुन्हा उंबऱ्यावर बसते.